जुन्या मालाचा व्यापार आणि नवख्यांचा तोटा

जुन्या वस्तू विकत घेऊन नफ्याने विकणे हा थोड्या भांडवलात सुरू करता येणारा व्यापार आहे. गाळा लागत नाही, बहुतेक मालाला परवाना लागत नाही, आणि मालाचा तुटवडा कधीच नसतो. घर बदलणारी कुटुंबे, बंद पडलेली कार्यालये, दिवाळीची आवराआवर, परदेशी निघालेले नोकरदार, रद्दीची दुकाने अशा अनेक वाटांनी तो येत राहतो. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत भेंडी बाजाराजवळ चोर बाजार आहे, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस यांनी हाच व्यवहार घरबसल्या करता येईल असा केला आहे. धंद्यात शिरणे इतके सोपे असल्यामुळे अनेकजण पुरेशी तयारी न करता उतरतात, आणि पहिल्या काही महिन्यांत त्यांचे पैसे ठरावीक जागी अडकतात.

नव्या मालाच्या दुकानदाराला काही गोष्टी आयत्या मिळतात. वेष्टनावर किंमत छापलेली असते, वस्तू बिघडली तर कंपनी जबाबदार असते, आणि एक नग संपला की तसाच दुसरा मागवता येतो. जुन्या मालात यातले काहीच नाही. प्रत्येक नग वेगळा, त्याचा भाव वेगळा, आणि त्यात दोष निघाला तर तो ज्याच्या हातात आहे त्याचा. म्हणून या धंद्यात तीन प्रकारची पारख लागते: वस्तू काय आहे याची, तिची अवस्था कशी आहे याची, आणि ती कोणाला, किती दिवसांत, किती रुपयांना जाईल याची. नवखा माणूस पहिल्या पारखेवर भर देतो, दुसरीत थोडाफार तरतो, आणि तिसरीचा विचार माल घरी आल्यावर करतो. मोठा तोटा या तिसरीतच होतो.

सर्वांत जास्त आढळणारी चूक भावाची आहे. एखादा जुना कॅमेरा दहा हजारांना मिळतो आहे असे कळताच नवखा विक्रेता मोबाइलवर तसेच कॅमेरे शोधतो. तिथे पंधरा, सोळा, सतरा हजारांच्या जाहिराती दिसतात आणि पाच हजारांचा फायदा त्याला समोर दिसू लागतो. पण हे मागितलेले भाव आहेत, मिळालेले नव्हेत. रास्त भावाची वस्तू एक-दोन दिवसांत विकली जाते आणि तिची जाहिरातही निघून जाते. आठवडेच्या आठवडे दिसत राहतात त्या न विकल्या गेलेल्या वस्तू. म्हणजे नवख्याने बाजारभाव म्हणून जो आकडा धरला, त्या आकड्याला वस्तू जात नाही हेच त्या जाहिराती सांगत असतात.

खरा भाव काढायला थोडी चिकाटी लागते. एकाच प्रकारच्या वस्तूंच्या जाहिराती दोन-तीन आठवडे रोज पाहायच्या, कोणत्या लवकर नाहीशा झाल्या ते टिपून ठेवायचे, आणि त्यांचा मागितलेला भाव घासाघिशीसाठी थोडा कमी धरायचा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे दोन-तीन जुन्या व्यापाऱ्यांना ‘असा नग आहे, कितीला घ्याल?’ असे विचारणे. ते सांगतील तो आकडा नवख्याला अपमानास्पद वाटेल इतका कमी असतो. पण रोख पैसे आज मिळतील असा तो एकच भाव आहे, आणि खरेदीचा हिशेब तिथून सुरू झाला तर फसगत होत नाही.

भावाबाबत आणखी एक अडचण आहे आणि तिचे स्पष्टीकरण अर्थशास्त्रात सापडते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. गाडीत काय खोट आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सरसकट मधलाच भाव देऊ करतो. ज्याची गाडी खरोखर चांगली आहे त्याला तो भाव परवडत नाही, म्हणून तो बाजारातून बाहेर पडतो आणि मागे खराब गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. या कामासाठी अकरलॉफ यांना २००१ साली आणखी दोन अर्थशास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या मालाचा व्यापारी या दरीच्या दोन्ही काठांवर उभा असतो. घेताना तो अज्ञानी पक्ष असतो आणि विकताना जाणता. घेताना अज्ञान कमी करणे आणि विकताना समोरच्याची शंका दूर करणे, या दोन कामांचा मोबदला म्हणजेच त्याचा नफा.

आता हिशेब. समजा, सागवानी कपाट ६,५०० रुपयांना मिळाले आणि तसली कपाटे १२,००० ला जातात. कागदावर ५,५०० रुपये सुटतात. कपाट दुसऱ्या मजल्यावर आहे. उतरवायला आणि चढवायला हमाली ६०० रुपये. टेम्पो ९०० रुपये. दोन बिजागऱ्या, कुलूप आणि वाळवीचे औषध मिळून ७००. पॉलिशवाल्याचे २,२००. कपाट १०,९०० ला पडले. जाहिरात १४,००० ची दिली, सात आठवडे लोक येऊन हात लावून गेले, शेवटी गिऱ्हाईक १२,००० ला तयार झाले, पण घरपोच हवे म्हणाले. पुन्हा टेम्पोचे ९००. हाती उरले २०० रुपये, आणि सात आठवडे घरातली एक भिंत अडली ती वेगळीच. या व्यवहारात कोणी फसवले नाही, वस्तू वाईट नव्हती, भावाचा अंदाजही बरोबर होता. चुकले ते एवढेच की हिशेब खरेदीनंतर मांडला गेला.

तो उलट्या टोकाने मांडायला हवा. आधी नक्की येईल असा विक्रीचा भाव धरायचा, त्यातून वाहतूक, हमाली, दुरुस्ती आणि विक्रीचा खर्च वजा करायचा, मग आपला नफा वजा करायचा. उरेल ती खरेदीची कमाल किंमत. वरच्या कपाटात २,५०० रुपये नफा हवा असेल तर १२,००० मधून ५,३०० खर्च आणि २,५०० नफा जाऊन ४,२०० उरतात. त्याहून जास्त पैसे मागितले तर कपाट कितीही देखणे असले तरी सोडून द्यावे. वस्तू आवडली म्हणून दिलेला प्रत्येक जादा रुपया सरळ नफ्यातून जातो.

यात दिवसांचा हिशेब नवखे जवळजवळ कधीच करत नाहीत. भांडवल थोडे असेल तर ते किती वेळा फिरते यावर कमाई ठरते. साडेसहा हजारांचे कपाट सात आठवडे पडून राहिले. तेवढ्याच पैशांत तेराशे रुपयांचे पाच मिक्सर आले असते, ते दुचाकीवरून आणता-नेता आले असते, आणि एकेकात तीनशे रुपये सुटून तीन आठवड्यांत संपले असते तरी सात आठवड्यांत दोन फेऱ्या होऊन तीन हजार हातात आले असते. जास्त नफ्याची वस्तू आणि जास्त कमाईची वस्तू एकच असेल असे नाही. सोफे, पलंग, मोठे फ्रीज, व्यायामाची यंत्रे हा माल घरात जागा असलेल्यांचा आणि स्वतःचे वाहन असलेल्यांचा आहे. सुरुवात करणाऱ्याने त्यापासून दूरच राहावे.

दुरुस्तीवरचा विश्वास हाही तोट्याचा मोठा उगम आहे. ‘थोडंसंच काम आहे’ असे विकणारा म्हणतो तेव्हा ते काम त्याने स्वतः का करून घेतले नाही, हा प्रश्न विचारला पाहिजे. बहुधा त्याने कारागिराला दाखवलेले असते आणि खर्च ऐकून वस्तू विकायला काढलेली असते. बंद वस्तू घ्यायचीच असेल तर ती चालूच होणार नाही असे धरून, केवळ सुट्या भागांच्या भावाने घ्यावी. ज्याला स्वतःला सोल्डरिंग येते, सुतारकाम येते, शिलाई येते, त्याचा हिशेब वेगळा. त्याच्या हातचे काम हाच त्याचा नफा असतो.

अवस्थेची पारख वस्तूगणिक बदलते. कॅमेऱ्याची लेन्स हे चांगले उदाहरण आहे, कारण महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर आणि घाटमाथ्यावर तिला एक खास रोग होतो. पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते. समोरून पाहिले तर काच स्वच्छ दिसते. लेन्स कॅमेऱ्यातून काढून, तिचे छिद्र पूर्ण उघडून, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे किंवा धुरकट ठिपके उजळून दिसतात. ही बुरशी बऱ्याचदा काठाशी लपलेली असते, म्हणून टॉर्च गोल फिरवत काठ तपासावा लागतो. साफ करायची तर लेन्स खोलावी लागते आणि बुरशी मुरलेली असेल तर काचेवरचा लेप कायमचा खराब झालेला असतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत शटर किती वेळा पडले आहे हेही पाहावे. अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत काढलेल्या फोटोच्या फाइलमधून ती संख्या कळते. मधल्या दर्जाच्या डीएसएलआरचे शटर साधारण एक ते दीड लाख फोटोंसाठी बनवलेले असते. बाहेरून कोरा वाटणारा कॅमेरा लग्नाच्या फोटोग्राफरकडून आलेला असेल तर तो आकडा बराच पुढे गेलेला असू शकतो.

फ्रीज पाहायला जाण्याआधी फोन करून तो बंद ठेवायला सांगावे. माणूस पोहोचतो तेव्हा तो आधीच थंड असेल तर काहीच कळत नाही. गरम अवस्थेतून सुरू करून तासाभरात बर्फाच्या कप्प्यात गारवा येतो का, कॉम्प्रेसर आवाज करतो का, मागे तेलकट डाग आहेत का, एवढे पाहिले तरी मोठे धोके टळतात. लाकडी वस्तूत दर्शनी भाग पाहून उपयोग नाही. ड्रॉवर बाहेर काढून त्याची मागची आणि खालची बाजू पाहावी. सागवान आहे की प्लायवर चिकटवलेला पातळ थर, हे कापलेल्या कडेवरच कळते. खाली पिठासारखी बारीक भुकटी पडलेली असेल तर कीड आत जिवंत आहे. पितळी भांडी-समया घेताना खिशात लोहचुंबक ठेवावा, कारण लोखंडावर पितळी मुलामा दिलेल्या वस्तूंचा सुळसुळाट आहे.

या सगळ्या मालाची पारख एका माणसाला लवकर येत नाही. म्हणूनच जे दिसेल ते घेणारा नवखा प्रत्येक वस्तूत थोडे थोडे हरतो. मिक्सर आणि इस्त्र्या, किंवा फक्त सायकली, किंवा फक्त एका कंपनीचे फोन असे एकच क्षेत्र धरून त्यातले तीस-चाळीस नग हाताळल्यावर नजर तयार होते. मग कोणते मॉडेल कुठे बिघडते, कोणता भाग बाजारात मिळत नाही, कोणता रंग खपत नाही हे पाठ होते.

क्षेत्र निवडताना एक कसोटी फारशी कोणी लावत नाही: माल अजिबात खपला नाही तर त्याचे किमान काय येईल? तांब्या-पितळेला मोडीचा भाव असतो. पितळी घंगाळ मोडीच्या भावाच्या आसपास घेतले तर गिऱ्हाईक न मिळाल्यास भंगारवाला ते वजनावर घेतो आणि नुकसान वाहतुकीपुरतेच राहते. लाकडी पलंगाची शेवटची किंमत सरपणाची. पुस्तकांची शेवटची किंमत रद्दीची. मोबाइलची किंमत तर दर महिन्याला उतरत असते, कारण नवे मॉडेल येतच राहते. सुरुवात अशा मालापासून करावी ज्याला खाली टेकायला काहीतरी जमीन आहे.

भाव एका रात्रीत कोसळण्याची उदाहरणे अलीकडची आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रे, ३२ इंचांहून मोठे टीव्ही आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी यांच्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नव्या वस्तूची किंमत उतरली की जुनीचा भाव टिकत नाही. ज्यांनी त्याआधी जुना माल भरून ठेवला होता, त्यांच्या खरेदीचा आधारच सरकला. दुसरे उदाहरण पुण्यातल्या स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचे. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक होणार हे ठरल्यावर वस्तुनिष्ठ प्रश्नसंचांच्या जुन्या प्रतींचे गिऱ्हाईक आटणार हे उघड होते. शालेय पुस्तकांतही अभ्यासक्रम बदलला की गठ्ठाच्या गठ्ठा वजनावर जातो. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला म्हणून बातम्या वाचाव्या लागतात, आणि हंगामही पाळावा लागतो. कूलर पावसाळ्यात स्वस्त मिळतो हे खरे. पण तो मार्चपर्यंत ठेवायला जागा आणि तोवर अडकलेले पैसे सोसण्याची ताकद असली तरच त्या स्वस्ताईला अर्थ आहे.

आतापर्यंतच्या चुकांनी पैसे जातात. पुढची चूक त्याहून गंभीर आहे, कारण तिच्यामुळे माणूस पोलीस ठाण्यात जाऊ शकतो. चोरीचा माल विकत घेतला तर त्याची मालकी खरेदीदाराकडे येत नाही. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून जास्त हक्क तो देऊ शकत नाही, हे १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे मूळ तत्त्व आहे. पोलीस वस्तू मुद्देमाल म्हणून जप्त करतात आणि पैसे बुडतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा मालाचा नेहमी व्यवहार करणाऱ्याला त्याहून कितीतरी कडक शिक्षा आहे. ‘मानायला कारण’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तीस हजारांचा फोन बिल, खोके, चार्जर काहीही नसताना पाच हजारांना मिळत असेल, तर भावच शंकेचे कारण ठरू शकतो.

फोनच्या बाबतीत तपासणी सोपी आहे आणि ती न करणे अक्षम्य आहे. *#०६# दाबल्यावर पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. केंद्र सरकारच्या संचार साथी सेवेवर, किंवा केवायएम ही इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ ला पाठवून, तो काळ्या यादीत आहे का हे कळते. त्यानंतर विकणाऱ्याला स्वतःच्या गूगल किंवा ॲपल खात्यातून समोर बाहेर पडायला लावावे, फोन पूर्ण पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करून पाहावा. तो जुन्या मालकाचा पासवर्ड मागत असेल तर त्या क्षणी त्याची किंमत सुट्या भागांइतकीच उरते. हे सगळे पैसे देण्याआधी करायचे, चहाच्या टपरीवर उभ्याने नव्हे. प्रत्येक खरेदीत विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि दोन ओळींची सही केलेली पावती घ्यावी, पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत. ज्याचा माल स्वतःचा आहे तो सहसा याला नकार देत नाही.

दुचाकी आणि मोटारींच्या बाबतीत वेगळीच जोखीम आहे. नवखे व्यापारी मालकाची कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन गाडी स्वतःच्या नावावर न करताच पुढे विकतात, म्हणजे हस्तांतराचा खर्च वाचतो. मध्यंतरी त्या गाडीला अपघात झाला तर गुंतागुंत सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितले की गाडी कितीही हातांतून गेली असली तरी भरपाईच्या बाबतीत परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल. त्यामुळे जाणता मालक आता गाडी नावावर झाल्याचा पुरावा मागतो, आणि तो मागायलाच हवा. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी परिवहन खात्याचे प्राधिकारपत्रही आले आहे. कर्जाचा बोजा उतरला आहे का, चलान थकले आहेत का, विमा चालू आहे का, नोंदणीची पंधरा वर्षे कधी भरतात हे पाहिल्याशिवाय गाडीला हात लावू नये. नवशिक्यासाठी हे क्षेत्र नाहीच.

जुन्या बाजारात सर्वांत मोहक असतो तो पुराणवस्तूंचा कोपरा. नाणी, मूर्ती, पोथ्या, तलवारींच्या मुठी. १९७२ च्या पुरावशेष आणि कलाठेवा कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू, आणि हस्तलिखितांच्या बाबतीत पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते, पुरावशेष ठरू शकतात, आणि त्यांचा व्यापार करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. हस्तिदंताच्या जुन्या डब्या, वाघनखांची पदके यांच्या व्यापारावर वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, मग ती वस्तू आजोबांची का असेना. म्हणजे वस्तू नकली निघाली तर पैसे जातात, आणि अस्सल निघाली तर कायदा आडवा येतो.

नकलीचे प्रमाण मोठे आहे. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि दुसऱ्या बाजूला हनुमान किंवा रामपंचायतन असलेली ‘१८१८ ची नाणी’ ठिकठिकाणी विकली जातात. कंपनीने चलनासाठी अशी नाणी कधी पाडली नाहीत. ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट किंवा ७८६ आकडा असलेली नोट लाखांना जाते अशा जाहिराती फिरतात, आणि संपर्क साधणाऱ्याकडून आधी नोंदणी शुल्क किंवा कर मागितला जातो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून सांगितले की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारांशी तिचा काहीही संबंध नाही आणि ती असे कोणतेही शुल्क घेत नाही. तांदूळ ओढून घेणारे तांब्याचे भांडे, म्हणजे राइस पुलर, हा त्याच जातीचा आणि महाराष्ट्रात अनेकांना लुबाडणारा प्रकार आहे.

विक्रीच्या बाजूच्या चुका लहान वाटतात, पण रोजच्या आहेत. रात्रीच्या पिवळ्या उजेडातले फोटो, मागे पसरलेले अंथरूण, मॉडेल क्रमांक न देता ‘एकदम मस्त कंडिशन’ एवढेच वर्णन. वस्तू पुसून, खिडकीजवळच्या उजेडात, चारही बाजूंनी आणि दोषाजवळून एक असे फोटो काढले तर चौकशा वाढतात. दोष लपवणे तर हमखास महागात पडते. ओरखडा आधीच दाखवला तर गिऱ्हाईक तो धरूनच भाव बोलते; घरी आल्यावर दिसला तर त्याच ओरखड्यापोटी हजार रुपये कापून मागते आणि बाकीच्या वस्तूवरही अविश्वास दाखवते. जुना व्यापारी दोष स्वतःहून सांगतो, कारण त्याला तेच गिऱ्हाईक पुन्हा यायला हवे असते.

खरेदीचा भाव मनात धरून बसणे ही विक्रीतली सर्वांत हट्टी चूक आहे. दहा हजारांना घेतलेली वस्तू नऊ हजारांना मागितली जात असेल तर नवखा माणूस ‘तोट्यात कशाला द्यायची’ म्हणून ती ठेवून देतो. बाजाराला त्याच्या खरेदीशी देणेघेणे नसते. तीन महिन्यांनी तीच वस्तू सात हजारांवर येते आणि तोवर अडकलेल्या नऊ हजारांनी दुसरी कमाई केलेली नसते. माल घेतानाच मुदत ठरवावी. तीस दिवसांत गेला नाही तर भाव उतरवायचा, साठ दिवसांत गेला नाही तर मिळेल त्या भावाला काढायचा.

ऑनलाइन विकताना फसवणुकीचा एक ठरलेला साचा आहे. वस्तू न पाहताच, घासाघीस न करता गिऱ्हाईक होकार देते, बहुधा स्वतःला लष्करातला जवान म्हणवते, आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला आणि पिन टाकायला सांगते. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हाही पुरावा नव्हे. बँकेत रक्कम जमा दिसल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नये. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर तक्रार जाईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

राहिला कराचा भाग. स्वतःच्या घरातला जुना सोफा विकणे आणि विकण्यासाठी सोफे विकत घेणे यांत आयकर कायदा फरक करतो. दुसऱ्यात होणारा नफा हे व्यवसायाचे उत्पन्न आहे आणि ते विवरणपत्रात दाखवावे लागते. महाराष्ट्रात वस्तूंच्या व्यापाऱ्याला साधारणपणे वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते, पण परराज्यात माल विकायचा असेल तर ही सवलत मिळत नाही. नोंदणी झालेल्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला नियमांत एक मोठी सोय आहे. वस्तूचे मूळ रूप न बदलता ती विकली आणि खरेदीवरच्या कराची वजावट घेतली नाही, तर कर पूर्ण विक्रीवर लागत नाही, खरेदी आणि विक्रीच्या फरकावरच लागतो. फरक उणे असेल तर कर नाही. पण हा फरक कागदावर दाखवता आला पाहिजे. म्हणून पहिल्या नगापासूनच एक वही ठेवावी आणि प्रत्येक वस्तूपुढे खरेदीची तारीख, कोणाकडून घेतली, कितीला, वरखर्च किती, कधी आणि कितीला गेली, एवढे लिहावे.